इनामदार मॅडमच्या ओपीडीतले रंग

किस्से त्वचारोगवाल्यांकडेच जास्त का साठतात, याचं कारण अगदी साधं आहे. हार्टचा पेशंट घाबरून गप्प असतो. दातांच्या पेशंटच्या तोंडात हत्यार असतं. आमचा पेशंट मात्र शर्ट काढतो, खाजवायला लागतो आणि खाजवता खाजवता सगळं बोलून टाकतो! त्यात आमच्याकडे सहसा कुणी मरत नाही, त्यामुळे किस्से सांगताना आवाज खाली आणावा लागत नाही.

मी सत्तरच्या दशकात पुण्यातल्या एका सरकारी इस्पितळाच्या स्किन डिपार्टमेंटमध्ये शिकत होते. आम्ही जुनी मंडळी आजही भेटलो की पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "मॅडमचा तो किस्सा सांग." आणि मग 'तो' म्हणजे नेमका कुठला, यावरून भांडण सुरू होतं. म्हणून आज सगळेच सांगून टाकते.

मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख, डॉ. शहनाझ इनामदार. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, वडिलांचं बुकबाइंडिंगचं दुकान. उंची बेताची, अंगावर पांढरी साडी. मराठी अशी, की नारायण पेठेनं शिकवणी लावावी. मी नारायण पेठेतलीच, म्हणून खात्रीनं सांगते! आवाज कधी चढायचा नाही. तशी गरजच पडायची नाही.

एकदा कुणी बडे सरकारी साहेब मानेवरचं इसब दाखवायला आले. बाहेर एवढी रांग, पण साहेब सरळ आत. पांढऱ्या साडीतल्या मॅडम दिसल्या. साहेब म्हणाले, "सिस्टर, डॉक्टर कुठे आहेत? आणि जरा पाणी आणा."

मॅडम उठल्या, माठातलं पाणी आणलं, हातात दिलं. "प्या. आता बाहेर बाकावर बसा. नंबर आला की डॉक्टर बोलावतील."

साहेब बसले. रांग हळूहळू सरकली, साहेबांचा नंबर आला. आत येऊन बघतात तर डॉक्टरांच्या खुर्चीत ह्याच!

"तुम्ही...?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "मघाशी पाणी देत होते, आता औषध देते. मान वळवा."

*

आमची सगळी पुस्तकं विलायती. त्यातले फोटो गोऱ्या कातडीचे आणि वर्णनं गोऱ्या लोकांच्या जेवणाची. त्वचारोगाचं पुस्तक वाचताना भूक लागायची हो! कुठे स्ट्रॉबेरी, कुठे सफरचंदाची जेली, कुठे दुधाळ कॉफी. आम्ही घोकंपट्टी करून जायचो.

माझ्या पहिल्याच आठवड्यात मुळशीकडचे एक शेतकरी आले. पाठीवर लांबट चट्टे. मॅडमनी विचारलं, "मराठे, रंग सांगा." मराठे म्हणजे मी.

मी ठणकावून म्हटलं, "सामन पिंक, मॅडम!" म्हणजे सामन माशाच्या मांसासारखा गुलाबी.

"सामन कधी पाहिलाय?"

"नाही, मॅडम."

"खाल्लाय?"

"मॅडम, आमच्याकडे अंडंसुद्धा..."

"मग तुम्हाला गुलाबी दिसलं कुठून?" त्या सगळ्यांकडे वळल्या. "सामन कोणी पाहिलाय?"

रत्नागिरीच्या एकानं हात वर केला. "मॅडम, आमच्या रावसासारखा असतो म्हणे."

"रावस गुलाबी दिसत असेल, तर तुमच्या घरी शिळा येतोय."

मग म्हणाल्या, "पुस्तक बाजूला ठेवा. ह्यांच्या पाठीकडे बघा आणि दिसतं ते सांगा." आम्ही पहिल्यांदाच नीट बघितलं. गुलाबी कुठेच नव्हतं. तपकिरी होतं, कडेला जरा राखी, आणि वर बारीकसा कोंडा. इतके दिवस आम्ही पाठ बघतच नव्हतो, पुस्तक बघत होतो!

इतका वेळ ओणवे बसलेले काका हळूच मागे वळले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "बाई, म्हंजी मला मासा झालाय व्हय?"

*

त्या दिवसापासून मॅडमनी फर्मान काढलं. ज्या पदार्थाची चव घेतली नाही, त्याचा रंग सांगायचा नाही!

एका बाळाच्या गालावर जन्मखूण होती. पुस्तकात तिला पोर्ट वाइनचा डाग म्हणतात. मॅडमनी विचारलं, "पोर्ट वाइन कोणी घेतलीये?" मग खडकीच्या एका मुलानं भीत भीत बोट वर केलं. त्याचे वडील दारूगोळा कारखान्यात होते. दारू म्हटली की सगळे त्याच्याकडेच बघायचे, म्हणून बिचाऱ्यानं स्वतःच कबूल केलं असावं.

मॅडम म्हणाल्या, "शाबास. बाकीच्यांनी घेतली नसेल तर उत्तम. पण म्हणून सगळ्यांनी एकदम पंख्याकडे बघायचं कारण नाही."

तो डाग मग 'कोकम' ठरला. दुधाळ कॉफीच्या डागाचा 'चहा' झाला, आणि तो कँटीनचा की अमृततुल्यचा यावर अर्धा तास चर्चा झाली. लायकेन प्लेनस नावाचा एक आजार आहे, त्यात चपटे, चकचकीत फोड येतात. आपल्या कातडीवर ते थेट जांभळासारखे दिसतात. तर तो झाला 'जांभूळ'.

परीक्षेला बाहेरून एक फार कडक सर आले होते. त्यांनी खडकीच्या त्याच मुलाला विचारलं, "रंग?"

"जांभळासारखा, सर. धुतलेल्या जांभळासारखा."

"धुतलेल्या कशाला?"

"चकाकतंय, सर. न धुतलेल्या जांभळावर धूळ असते."

सर पेशंटच्या हातावर वाकले. बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढला, परत घातला. आम्हाला वाटलं, गेला हा! सर सरळ झाले आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी ह्याला 'व्हायोलेशस' म्हणत आलो. स्पेलिंग दर वेळी चुकतं."

पोरगा पास!

*

आता डॅनियल. हा केनियाचा. सरकारी शिष्यवृत्तीवर डॉक्टर व्हायला पुण्यात आला, आणि नंतर स्किन शिकायला आमच्याकडेच राहिला. उंच, हसरा, रंगानं काळाभोर. मराठी शिकला ते ओपीडीत, त्यामुळे बोलणं अदबशीर आणि वाक्य मात्र मॅडमच्या वळणाचं. "चहाला आमच्याकडेही चायच म्हणतात, चपातीला चपातीच. मी इथे फक्त टोमणे नवीन शिकलो," असं म्हणायचा.

होस्टेलची जागा सुटली तेव्हा तो खोली शोधायला लागला. आमच्या घरापासून दोन दारं सोडून लेले काकांची खोली रिकामी होती. दारावर पाटीच होती, 'खोली भाड्याने देणे आहे. चौकशी दुपारी करू नये.' मी त्याला सकाळी घेऊन गेले.

काकांनी दार उघडलं. वर बघितलं, कारण डॅनियल उंच. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "खोली गेली."

डॅनियलनं पाटीकडे बघितलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "कुठे गेली?"

काका दचकले. त्यांना वाटलं होतं, ह्याला काही कळणार नाही!

"मराठी कुणी शिकवलं?"

"आमच्या इनामदार मॅडमनी."

"इनामदार? म्हणजे कुठले हो? आमच्यातले?"

"नाही, काका," डॅनियल म्हणाला. "त्या आल्या असत्या तरी खोली गेलीच असती."

काकांनी दार लावलं. मी रडकुंडीला आले होते. लहानपणापासून त्या घरी मी वाटीभर साखर मागायला जात होते. डॅनियल मात्र जिना उतरता उतरता म्हणाला, "पाटी सुंदर आहे. अक्षर वळणदार." पण खालच्या पायरीवर तो थोडा वेळ बसून राहिला, आणि मीही बसले.

त्याला खोली मिळाली ती खडकीत, एका रेल्वे गार्डाच्या घरी. तिथल्या काकूंची अट एकच होती. उंच माणूस आहेस, तर माळ्यावरचे डबे तू काढायचे.

*

हा पुढचा किस्सा सुरुवातीला हसण्यासारखा नाही.

त्या थंडीत डॅनियलचा घसा धरला, म्हणून त्यानं सल्फाच्या गोळ्या घेतल्या. मग ताप चढला, डोळे चुरचुरायला लागले. त्याला मेडिसिनच्या वॉर्डात ठेवलं. तिथल्या मोठ्या सरांनी नीट तपासलं. अंगावर पुरळ नाही, साधा ताप आहे, गोळ्या चालू ठेवा, म्हणाले. सर काही निष्काळजी नव्हते. त्यांना खरोखरच दिसत नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला थुंकीसुद्धा गिळवेना. मी धावत जाऊन मॅडमना घेऊन आले.

मॅडमनी पलंग खिडकीपाशी ओढायला लावला. मला म्हणाल्या, "मराठे, डोळे मिटा. आता त्याच्या छातीवरून हात फिरवा. काय लागतंय?"

हाताला बारीक बारीक उंचवटे लागले. खरखरीत.

"आता डोळे उघडा. उजेड बाजूनं पडतोय, त्यात बघा." छातीवर गडद चट्टेच चट्टे होते. काळ्यावर जास्त काळे. मॅडमनी त्याचे तळहात दाखवले, खालची पापणी ओढून दाखवली, ओठ उलटा करून आतले फोड दाखवले. तिथे सगळीकडे लालच लाल होतं.

तोवर मोठे सर आले होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "सर, तुम्ही लाल शोधत होतात. ते पुस्तकातल्या पोराच्या अंगावर असतं. आपलं पोर केनियाचं आहे. ही सल्फाची रिॲक्शन आहे. आधी गोळ्या थांबवा."

सरांचा मोठेपणा असा, की त्यांनी स्वतःच्या हातानं गोळी लिहिलेली ओळ खोडली. आणि दुसऱ्या दिवशी आपले सगळे विद्यार्थी घेऊन आले, डोळे मिटून हात फिरवायला शिकायला!

पुढचे दिवस वाईट गेले. अंगाची सालं निघत होती. ओपीडी संपली की मॅडम त्याच्या पलंगाशी बसून चमच्यानं ताक पाजायच्या. घरच्या दखनी बोलीत काहीतरी पुटपुटायच्या. मी हळूच विचारलं, "दुवा मागताय, मॅडम?"

"छे! ही गोळी काढणाऱ्याला शिव्या देतेय."

डॅनियल वाचला. उठून बसायला लागला तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना फार दिवसांची शंका विचारायची होती. "डाक्टर, ही सालं निघाली की आतनं गोरं व्हनार का तुमी?"

डॅनियलला तोंडातल्या फोडांमुळे कितीतरी दिवस धड बोलता आलं नव्हतं. त्याचं पहिलं पूर्ण वाक्य हे, "नाही, आजोबा. रंग पक्का आहे. लक्ष्मी रोडवर घेतलेल्या साडीचा नाही!"

सगळा वॉर्ड हसला. मॅडम मात्र खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा म्हणाल्या, "पवारांना बोलवा. आपली चित्रं आपणच काढायची."

*

पवार म्हणजे आमचे आर्टिस्ट. त्या काळी मेडिकल कॉलेजात चित्रकाराची रीतसर पोस्ट असायची. हे बिबवेवाडीचे. तेव्हा तिथे शेतं होती, विहिरी होत्या. घरचे सगळे शेती करणारे आणि हे एकटेच कलावंत, त्यामुळे थाट विचारू नका! गळ्यात रेशमी रुमाल, केस मानेपर्यंत. एरवी बोलणं शुद्ध, पण चिडले की बिबवेवाडी बाहेर यायची. चित्रावर सही एवढी मोठी करायचे, की मॅडम एकदा म्हणाल्या, "पवार, रोग कुठला आणि सही कुठली, ते समजत नाही. दोन्ही पसरतायत."

मॅडमची कल्पना अशी होती, की एकच रोग वेगवेगळ्या रंगांच्या कातडीवर शेजारी शेजारी काढायचा. पवार रंग आणायला गेले. दुकानदारानं विलायती ट्यूब दिली. तिच्यावर इंग्रजीत छापलं होतं, 'अंगाचा रंग'. पवारांनी झाकण उघडलं. आत बेबी साबणासारखा गुलाबी!

"हा कुणाच्या अंगाचा?"

"माणसाच्या."

"कुठल्या माणसाच्या?" पवारांनी बाही वर करून थोडा रंग हातावर फासला. "बघा! हितं कुठं जुळतोय? मी काय मानूस न्हाई? बदलून द्या!"

दुकानदार अस्सल पुण्याचा. मान वर न करता म्हणाला, "रंग बदलून मिळणार नाही. अंग बदलून आणा."

पवार परत आले ते धुमसतच. मग त्यांनी स्वतःच रंग घोटायला सुरुवात केली. आम्हाला एकेकाला पुढ्यात बसवायचे, मनगट धरायचे आणि मिसळत राहायचे. रंग जमला की बाटलीत भरून वर नाव चिकटवायचे. डॅनियल, मॅडम, मराठे, पवार. व्हरांड्यात चित्रं वाळायला लागली. एकाच रोगाची, पण प्रत्येक अंगावर वेगळी. आमचे विद्यार्थी तिथे उभे राहून अभ्यास करायचे, आणि पेशंट येऊन म्हणायचे, "मला ते तिसऱ्यातलं झालंय."

एके सकाळी डीन राउंडला आले, तेव्हा पवार आतून मदतनिसाला ओरडून सांगत होते, "मॅडम संपल्यात! मराठे घट्ट झाली, तिच्यात जरा पाणी घाल. अन्‌ डॅनियलला उन्हातनं उचल, पार वाळलाय!"

डीन तिथूनच परत गेले.

*

आणि एक दिवस लेले काका ओपीडीत आले. सगळ्या अंगाला खाज, विशेषतः बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेला. पडद्याआड गेले, धोतर सोडलं, आणि समोर बघतात तर डॅनियल!

काका म्हणाले, "दुसरं कुणी नाही का?"

"मॅडम आहेत," डॅनियल म्हणाला. "बोलावू?"

सोडलेल्या धोतरात काकांनी ताबडतोब डॅनियलला पसंती दिली.

डॅनियलनं भिंग लावून बघितलं. "काका, खरूज आहे."

"खरूज? आमच्याकडे? अहो, आम्ही दोन वेळा आंघोळ करतो!"

"ती आंघोळ विचारत नाही, काका. जातही नाही. जागा दिसली की राहायला येते."

त्यानं औषध दिलं. गळ्यापासून पायाच्या बोटापर्यंत कसं लावायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी का लावायचं, चादरी कशा उकळायच्या, सगळं शांतपणे, दोनदा समजावलं. आठवड्यानं काका परत आले ते पूर्ण बरे होऊन. हातात लाडवांचा डबा. बराच वेळ चुळबुळ करत उभे राहिले. मग म्हणाले, "ती खोली... अजून आहे हो."

डॅनियलनं डबा घेतला, नमस्कार केला आणि म्हणाला, "राहू द्या, काका. तुमची खोली गेली होती ना, ती मला खडकीला सापडली."

तो पुढे नैरोबीला गेला. त्या चित्रांचा एक संच पवारांनी त्याला काढून दिला, आणि तिथल्या कितीतरी मुलांना त्यानं तो दाखवत शिकवलं. आता तोही निवृत्त झालाय. फोनवर अजून मला अहो-जाहो करतो आणि लेले काकांची चौकशी करतो. काका जाऊन बरीच वर्षं झाली म्हटलं तर म्हणाला, "अरेरे. पाटी कुणी ठेवली का हो?"

*

शेवटचा किस्सा मात्र पवारांच्या बिबवेवाडीचा.

विलायतेचे एक मोठे प्रोफेसर आमचं डिपार्टमेंट बघायला आले होते. माणूस गोड. व्हरांड्यातल्या चित्रांसमोरून हलेनात. विचारलं, "फोटो घेऊ का?" मॅडम म्हणाल्या, "घ्या. खाली नावं तेवढी घाला." ते म्हणाले, "अर्थात!"

पुढे त्यांचं नवं पुस्तक आमच्या लायब्ररीत आलं. त्यात आमचं चित्र, पानभर! एका रुंद पाठीवर गजकर्णाची वेटोळी, सावळ्या रंगावर जशी दिसतात अगदी तशी. खाली छापलं होतं, 'भारतीय रुग्ण. चित्र : लोकल आर्टिस्ट.' सही कापलेली.

पवार उसळले. "लोकल? लोकल म्हंजी? मी काय लोनावळ्याची गाडी हाय?"

मॅडमनी पान उलटंसुलटं करून बघितलं. "पवार, तुम्ही निदान लोकल तरी आहात. मी तर पॅसेंजरसुद्धा नाही."

मॅडमनी प्रोफेसरांना पत्र लिहिलं. फार सभ्य उत्तर आलं. पुढच्या आवृत्तीत नक्की लक्ष घालू, म्हणून. पुढची आवृत्ती आली. लक्ष घातलं होतं. चित्र आणखी मोठं छापलं होतं!

पवारांना राहवेना. ते पुस्तक त्यांनी लायब्ररीतून घेतलं, सायकलला बांधलं आणि गावाला नेलं. पोरगा रोगांची चित्रं काढतो म्हणून गावात त्यांची चेष्टा व्हायची. आता बघा म्हणावं, विलायतेत छापून आलोय! तालमीपाशी माणसं जमली, पवारांनी पुस्तक उघडलं, आणि सगळे एकदम ओरडले, "आरं, ही तर शिरपाची पाठ!"

शिरपा म्हणजे पवारांचा चुलतभाऊ, गावचा पैलवान. काही वर्षांपूर्वी त्याच्या पाठीवर गजकर्ण पसरलं होतं. कुस्तीत अंगाला अंग लागतं, म्हणून तालमीत त्याला बंदी झाली. लोक त्याला बाजेवर बसू देईनात. पैलवान असून मान खाली घालून हिंडायचा. पवारच त्याला आमच्याकडे घेऊन आले होते. पवारांनी त्याचं चित्र काढलं, आणि मॅडमनी त्याला महिनोन्‌महिने औषध देऊन बरं केलं. शिरपा पुन्हा आखाड्यात उतरला.

झालं! गावानं सत्कार ठरवला. कुणाचा? शिरपाचा! त्याची पाठ विलायतेला गेली ना! पवार आम्हाला आमंत्रण द्यायला आले ते रुमालानं घाम पुसत. "चितारलं म्या, अन्‌ हार शिरपाला!" मॅडम म्हणाल्या, "जाऊ या की. आपल्यापैकी कुणाचा तरी होतोय."

आम्ही सगळे गेलो. तालमीच्या अंगणात मांडव, ताशा, हार. पवार अगदी मागच्या खुर्चीत तोंड फिरवून बसलेले. प्रमुख पाहुणे म्हणून शेजारच्या गावचे एक वजनदार पुढारी आले होते. त्यांच्या हातात ते पुस्तक, बरोबर त्या पानावर उघडलेलं. शिरपा झब्बा-फेट्यात, लाजून लाल झालेला. आता तो सावळा होता, म्हणजे लाल कुठे झाला होता ते तुम्हीच ठरवा!

सगळे ओरडले, "शिरपा, भाषण!"

शिरपा माईकसमोर उभा राहिला. घसा खाकरला. काही सुचेना. मग म्हणाला, "बोलन्यासारखं काय न्हाई. बघून घ्या." आणि झब्बा काढून लोकांकडे पाठ केली!

पुढाऱ्यांनी चष्मा लावला. पुस्तकाकडे बघितलं. पाठीकडे बघितलं. परत पुस्तकाकडे. जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवला. पाठ स्वच्छ, तेलानं चमकणारी. मग वैतागून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आरं, पन हितं तर काय बी न्हाई!"

मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या, "ते 'काय बी न्हाई' आहे ना, ते आमचं."